छींट ते ‘चिंट्झी’ : एका रंगीत शब्दाचा अर्थापकर्ष

शब्दाचा अर्थ कालांतराने खालावण्याची उदाहरणे प्रत्येक भाषेत आढळतात. परंतु वस्तूचे मोल कायम असताना तिच्या नावाचे मोल उतरावे, अशी उदाहरणे थोडी. इंग्रजीतील ‘चिंट्झ’ हा असा शब्द होय. फुलापानांच्या नक्षीचे रंगीत सुती कापड हा त्याचा मूळ अर्थ. आणि शब्द मुळात ‘छींट’, जो जयपूरजवळच्या सांगानेर-बगरूच्या परिसरात आजही परका नाही.

यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशाने हिंदी ‘छींट’, मराठी ‘चीट’ आणि पोर्तुगीज ‘शिता’ ही रूपे एकत्र नोंदवून त्यांचे मूळ संस्कृत ‘चित्र’ म्हणजे रंगीबेरंगी, ठिपकेदार या विशेषणात पाहिले. हे मान्य केल्यास चित्ता हा प्राणीही या कापडाचा भाऊबंद ठरतो. दुसरे मत ‘छींट’चा संबंध ‘छींटा’ म्हणजे उडालेल्या थेंबाशी जोडते. मराठी ‘चीट’ पहिल्या मताला अनुकूल दिसते. हिंदीतील महाप्राण ‘छ’ मात्र ‘चित्र’वरून सहज उलगडत नाही. दोन निराळे शब्द व्यवहारात एकमेकांत मिसळले असावेत, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. याच थेंबापासून हिंदीत ‘छींटाकशी’ म्हणजे टोमणे मारणे हा प्रयोग आला. मराठीत त्या जागी शिंतोडे उडतात.

इंग्रजीत हा शब्द आधी एकवचनी ‘चिंट’ होता. सॅम्युएल पेपिस याने १६६३ साली पत्नीच्या खोलीच्या भिंती मढवण्यासाठी असा एक ‘चिंट’ घेतल्याची नोंद त्याच्या दैनंदिनीत आहे. व्यापाऱ्यांच्या याद्यांत येणारे ‘चिंट्स’ हे अनेकवचन पुढे एकवचन समजले गेले आणि शेवटी ‘क्वार्ट्झ’सारख्या शब्दांच्या वळणावर ‘चिंट्झ’ असे लिहिले जाऊ लागले. मराठी माणूस ‘एक सॉक्स हरवला’ म्हणतो, तेव्हा तो इंग्रजांची ही जुनी परतफेडच करीत असतो. डच ‘सित्स’, जर्मन ‘त्सित्स’ आणि डचमधून रशियन ‘सितेत्स’ असा या शब्दाचा आणखी विस्तार झाला.

त्या काळी या कापडाची प्रतिष्ठा त्याच्या पक्क्या रंगांत होती. युरोपातील छपाईचे रंग धुण्यात टिकत नसत. भारतीय कारागीर कापडाला आधी तुरटीचा कस देत. त्यामुळे मंजिष्ठा किंवा आल यांचा लाल रंग धाग्यात कायमचा बसे. लोखंडाच्या कसाने काळा रंग साधे. उत्तम माल कोरोमंडल किनाऱ्याचा; पण तावेर्निए या फ्रेंच प्रवाशाने खानदेशाच्या सीमेवरील बऱ्हाणपूरच्या छिटांचाही उल्लेख केला आहे. ही कृती फ्रान्सला सविस्तर कळवली ती केर्दू या जेझुइट पाद्र्याने, १७४२ साली. पुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याकडे लक्ष वेधणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत त्याचीच गणना होते.

लोकप्रियता इतकी वाढली की स्थानिक विणकर हवालदिल झाले. फ्रान्सने १६८६ ते १७५९ या काळात छापील सुती कापडावर बंदी घातली. इंग्लंडने १७०० आणि १७२१ साली कायदे केले. दुसरा कायदा १७७४ पर्यंत टिकला. १७१९ साली लंडनच्या विणकरांनी भर रस्त्यात स्त्रियांच्या अंगावरचे असे कपडे फाडले. पूर्वी सतरंज्या-रजयांच्या योग्यतेचे कापड आता कुलीन स्त्रियांच्या अंगावर चढले, अशी तक्रार डॅनियल डीफोने १७०८ मध्येच केली होती. पोपच्या १७३४ च्या एका काव्यात तर मरणासन्न स्त्री कायद्याने सक्तीचे केलेले लोकरीचे कफन नाकारून चिंट्झ मागते. निषिद्ध वस्तूच्या नावाला एवढे वजन होते.

बंदी उठली तेव्हा मात्र नक्कल साधली होती. थॉमस बेल याने १७८३ मध्ये रुळाच्या छपाईचे पेटंट घेतले आणि लँकेशायरच्या गिरण्यांतून स्वस्त चिंट्झ वाहू लागले. १८५१ साली जॉर्ज एलियटने एका पत्रात कापडाच्या नमुन्याविषयी लिहिताना ‘चिंट्झी’ हे विशेषण वापरले, ते नापसंतीनेच. पुढे त्याला भडक, हलके असा अर्थ चिकटला. अमेरिकेत तर ते कंजूष माणसालाही लागू झाले. १९९६ साली आयकिया कंपनीने ब्रिटिश गृहिणींना घरातले चिंट्झ फेकून द्या, असे जाहिरातीतून सांगितले. हा दोष नकलेचा, परंतु कोशात तो मुळाच्या नावावर जमा झाला.

मराठी ‘चीट’ही यातून सुटले नाही. पैठणीपुढे चिटाचे परकर-पोलके म्हणजे रोजच्या वापराचे, कमी मोलाचे वस्त्र. एकोणिसाव्या शतकात विलायती चिटे बाजारात आली आणि देशी शब्द परदेशी मालाला लागला. १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, तेव्हा असे परत आलेले कापडच जळत होते.

जयपूर संस्थानाच्या कारखान्यांत ‘रंगखाना’ आणि ‘छापाखाना’ ही खाती होती. मराठी वाचकाला छापखाना म्हणताच पुस्तके आठवतात. येथे तो कापडाचा. छपाई करणारे छीपा स्वतःला नामदेवांचे अनुयायी मानतात. महाराष्ट्रात जो शिंपी, तो उत्तरेत छीपा. गुरू ग्रंथसाहिबातील पदांतही नामदेव स्वतःला छीपाच म्हणवतात. एकाच संताच्या दोन व्यवसायांचा हा प्रश्न स्वतंत्र अभ्यासाचा आहे.

हेच छीपा आता आपल्या कापडाला इंग्रजीत चिंट्झ म्हणत नाहीत. दुकानांच्या पाट्यांवर ‘हँड ब्लॉक प्रिंट’ असते. ही सावधगिरी समजण्यासारखी आहे. पण सांगानेरमध्ये स्क्रीन छपाई फोफावली आहे आणि तिचे स्वस्त तागेही ‘सांगानेरी’ म्हणूनच विकले जातात. म्हणून भौगोलिक निर्देशांकाच्या नोंदीत नुसते ‘सांगानेरी’ पुरेसे ठरले नाही. ‘सांगानेरी हँड ब्लॉक प्रिंटिंग’ असे लिहावे लागले.