उन्हाळा पाहिलेलं बी

नागपुरात अंगण हिरवं करायचं म्हटलं की लोक लॉनचे गालिचे विकत आणतात. हिवाळ्यात ते छान दिसतात. एप्रिल लागला की दोन वेळा पाणी देऊनही त्यांच्या कडा करपतात. त्याच दिवसांत काटोल रोडकडच्या मुरमाड उतारांवर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं वाळून भुरकी झालेली असतात, पण मेलेली नसतात. पाती सोडून देऊन ती बुडख्यात जीव धरून राहतात आणि पाऊस पडला की तिथूनच पोपटी फुटवे येतात. ही बहुवार्षिक गवतं इथलीच. 1973 साली दबडघाव आणि शंकरनारायण या अभ्यासकांनी भारतातल्या गवताळ आवरणाचं वर्गीकरण केलं, तेव्हा दख्खनच्या पठारावरच्या आवरणाला त्यांनी पवन्या-मारवेल याच जोडीचं नाव दिलं.

ही गवतं बियांपासून वाढवता येतात, फक्त घाई करून चालत नाही. पावसाळा सरल्यावर पिकलेलं कुसळीचं बी लगेच पेरलं तर बहुतेक उगवतच नाही. बी चांगलं असतं, आतला गर्भ मात्र सुप्तावस्थेत असतो. ती सुटायला कोरडे, तापलेले महिने जावे लागतात. हिवाळ्यातल्या अवकाळी सरीला फसून उगवलेलं रोप मे महिना पाहणार नाही, म्हणून ही खबरदारी. आपण ज्या उन्हाळ्याला शिव्या देतो, तोच या बियांना पेरणीजोगं करतो.

कुसळीचं बी जमिनीत कसं शिरतं, हे तर प्रत्येक शाळकरी मुलाला दाखवावं असं आहे. टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेले राठ केस आणि शेपटीला लांब कूस. कूस ओली झाली की तिचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो. दव आणि ऊन यांच्या या आळीपाळीत बी फिरत फिरत भेगेत शिरतं. केसांमुळे मागे सरकत नाही. वणवा वरून गेला तरी मातीत उतरलेलं बी बरेचदा वाचतं.

तेव्हा बी गोळा करावं पावसाळ्यानंतर, कापडी पिशवीत कोरडं ठेवावं आणि मृगाच्या तोंडावर फेकावं. मारवेल-पवन्याचं बी हलकं, लवदार. वाळूत कालवल्याशिवाय सारखं पडत नाही. वर मातीचा पातळ थर पुरे. खोल गाडलं की कोंब वर येण्याआधीच दमतो. आधी ओल्या फडक्यात शंभर बिया ठेवून किती उगवतात ते पाहावं; त्यावरून किती बी लागेल ते ठरतं.

जमीन भराव टाकून मेलेली असेल तर नुसत्या बियाण्यावर भागत नाही. सावनेर तालुक्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने झाडोरा उभा केला, तो साखर कारखान्याची मळी आणि मुळांशी नातं जोडणाऱ्या बुरशी व जिवाणूंची जोड देऊनच. अंगणात कुजलेलं शेणखत आणि जुन्या माळरानावरची ओंजळभर माती एवढं तरी मिसळावं.

पहिल्या वर्षी गवत वर फार दिसत नाही, कारण ते मुळं खाली सोडत असतं. तेवढा काळ गुरं आत येऊ देऊ नयेत, गाजरगवत फुलण्याआधी उपटावं आणि कापणी बी झडल्यावरच करावी.