राणी गेली, रकाना राहिला

मॉरिशसमध्ये १२ मार्चला दुहेरी मान आहे. १९६८ साली या दिवशी देश स्वतंत्र झाला आणि १९९२ साली याच दिवशी प्रजासत्ताक. मधली चोवीस वर्षे कारभार पोर्ट लुईतून चाले, राष्ट्रप्रमुख मात्र एलिझाबेथ राणी. तिच्या वतीने सह्या करायला गव्हर्नर जनरल. प्रजासत्ताकाचा १९९० मधला प्रयत्न पुरेशा मतांअभावी फसला. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीनंतर अनिरुद्ध जगन्नाथ यांच्या सरकारने डिसेंबरात घटनादुरुस्ती मंजूर करून घेतली. शेवटचे गव्हर्नर जनरल वीरासामी रिंगाडू हेच पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. माणूस तोच, दारावरची पाटी तेवढी बदलली. काही महिन्यांतच त्यांच्या जागी कसम उतीम आले.

१९९२ नंतर जन्मलेल्या मतदाराला राणी आठवतच नाही. त्यामुळे ती गेल्याचे अप्रूपही नाही. प्रजासत्ताक मिळाले, मग माझ्या हाती काय आले, हा त्याचा साधा सवाल. राष्ट्राध्यक्ष तो निवडत नाही. पंतप्रधानांच्या प्रस्तावावर संसद निवडते. देशातल्या खटल्यांचे शेवटचे अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. याला बाजू दोन आहेत. काहींना ते वसाहतीचे शेपूट वाटते. तर छोट्या बेटावर सगळे सगळ्यांना ओळखत असताना दूरचा न्यायाधीश बरा, असे इतर काही मानतात.

खरी बोच तिसऱ्या गोष्टीची आहे. निवडणुकीला उभे राहायचे तर उमेदवारी अर्जात आपला समाज लिहावा लागतो: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन किंवा ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. मुख्य बेटावरच्या वीस मतदारसंघांतून प्रत्येकी तीन आणि रॉड्रिग्जमधून दोन असे ६२ सदस्य थेट निवडून येतात. त्यानंतर कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समाजांतल्या, चांगली मते मिळवूनही हरलेल्या उमेदवारांना जास्तीत जास्त आठ जागा दिल्या जातात. तिथे याला ‘बेस्ट लूझर’ पद्धत म्हणतात. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर अल्पसंख्याकांना बहुमताची धास्ती होती, तिच्यावरचा हा तोडगा. तो निरर्थक नव्हता आणि आजही अनेक मुस्लिम व क्रिओल कुटुंबांना त्याचा आधार वाटतो.

अडचण हिशेबाची आहे. समाजवार नोंद शेवटची झाली ती १९७२ च्या जनगणनेत, आणि आजही जागा त्याच आकड्यांवर ठरतात. म्हणजे नातवाच्या उमेदवारीचा हिशेब आजोबांच्या शिरगणतीवर. कोकणातून, विशेषतः रत्नागिरी भागातून करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज गणेश चतुर्थी थाटात साजरी करतात, त्या दिवशी देशभर सुट्टी असते, शाळांत मराठी शिकवली जाते. पण त्यांच्यातला कुणी अर्ज भरायला बसला, की त्याची गणना हिंदूंत होते.

२००५ साली ‘रेझिस्तांस एक आल्तेरनातिव’ या डाव्या गटाच्या उमेदवारांनी हा रकाना भरायला नकार दिला आणि निवडणूक अधिकाऱ्यांनी त्यांचे अर्ज फेटाळले. वाद संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेला. जुन्या आकड्यांच्या आधारे अशी सक्ती करणे मनमानी आहे, असा निर्वाळा तिने २०१२ मध्ये दिला. सरकारने २०१४ च्या निवडणुकीपुरती सूट दिली. २०१९ मध्ये पुन्हा तोच रकाना, तोच नकार आणि पुन्हा अर्ज बाद.

तिथल्या तरुणांना राजकारण नवे नाही. २० मे १९७५ रोजी विषम शिक्षणव्यवस्थेविरुद्ध हजारो विद्यार्थी पोर्ट लुईच्या दिशेने निघाले आणि वाटेत पोलिसांशी त्यांची गाठ पडली. त्याच वर्षी मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. प्रजासत्ताकाच्या घोषणेने जे दिले, त्याहून अधिक या आंदोलनाने दिले, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

अलीकडची प्रचीती २०२४ ची. दूरध्वनी संभाषणांच्या ध्वनिफिती बाहेर फुटल्यावर, मतदान तोंडावर असताना सरकारने समाजमाध्यमे बंद करण्याचा हुकूम काढला आणि ओरड होताच दुसऱ्या दिवशी मागे घेतला. नोव्हेंबरात विरोधी आघाडीने थेट निवडीच्या ६२ पैकी ६० जागा जिंकल्या. रकान्याविरुद्ध लढलेला गटही त्या आघाडीत होता आणि त्याचा नेता मंत्री झाला.

आता कसोटी त्यांचीच आहे. अल्पसंख्याकांचा आधार काढून न घेता हा रकाना कसा काढायचा, हे गणित सोपे नाही. पक्षांच्या याद्यांतूनच सर्व समाजांना जागा द्याव्यात, ही एक सूचना वर्षानुवर्षे चर्चेत आहे. राणीचा निरोप संसदेतल्या एका मतदानात उरकला. उमेदवाराला अर्जावर नुसते ‘मॉरिशियन’ लिहिता येण्यासाठी मात्र सगळ्या समाजांना एकमेकांवर भरवसा टाकावा लागेल, आणि तो भरवसा कोणतीही घटनादुरुस्ती आयता देऊ शकत नाही.