वांग्यावरचा आळ

पावसाळा लागला की पुण्यात मोकळ्या प्लॉटवर, नाल्याकाठी, शाळांच्या कुंपणालगत बारीक पांढऱ्या फुलांचे गाजरगवत माजते. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणते, कोणी चटकचांदणी. हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. भारतात त्याच्या फैलावाची नोंद १९५६ च्या सुमारास झाली, तीही पुण्यातच.

आमच्या शाळेत श्रमदानाच्या दिवशी आम्ही मुलांकडून हे गवत उपटून घेत असू. हातमोजे द्यावेत, हे आम्हा शिक्षकांना कधी सुचले नाही. उपटलेले गवत शिपाईचाचा वाळवून गोळा करायचे. काही वर्षांनी त्यांच्या पापण्या, मान आणि कोपराच्या घड्या लाल होऊन खाजू लागल्या. थंडीत जरा कमी, पावसाळ्यात पुन्हा जास्त. कोणी म्हणाले उष्णता आहे, कोणी खाण्यावर आळ घेतला. चाचांनी आधी वांगे सोडले, मग अंडी, मासळी, दही. खाज मात्र तशीच राहिली. रमजानमध्ये शाळेच्या इफ्तारला ते खजूर आणि पाणी घेऊन बाजूला बसू लागले, तेव्हा आम्हीच त्यांना तज्ज्ञांकडे घेऊन गेलो.

डॉक्टरांनी आधी प्रश्नच विचारले. खाज कुठे सुरू झाली? कोणत्या महिन्यात वाढते? काम काय करता? सुटीत गावी गेल्यावर कमी होते का? अ‍ॅलर्जीचे अर्धे निदान या प्रश्नांतच असते. त्यावरून कोणती चाचणी करायची ते ठरते.

शिंका, दमा, पित्त उठणे असा काही मिनिटांत दिसणारा त्रास असेल, तर हातावर धूळ, परागकण किंवा अन्नपदार्थाच्या अर्काचे थेंब ठेवून बारीक टोचतात. पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते का ते पाहतात. त्याआधी अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या थोडे दिवस बंद ठेवाव्या लागतात, पण डॉक्टरांना विचारूनच. त्रास एक-दोन दिवसांनी उमटणारा असेल, तर पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवस ठेवतात. पट्ट्या काढल्यावर त्वचा पाहतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासतात.

चाचांच्या पाठीवर गाजरगवताच्या जागी लाल चकंदळ उठले. या गवतातले पार्थेनिन हे रसायन त्वचेला बाधते. वाळलेल्या गवताची धूळ हवेतून उडत आली तरी पुरते, म्हणून त्रास उघड्या अंगावर आधी दिसतो. या त्वचारोगावर डॉ. लोणकर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध १९७४ सालीच प्रसिद्ध झाला होता. आमच्या शहराला माहीत असलेली गोष्ट आमच्या शाळेत पोहोचली नव्हती.

रक्ताच्या चाचणीचा कागद पाहून मुलांचे दूध-अंडी बंद करणारी घरे आपल्या ओळखीची आहेत. रक्तात आयजीई वाढलेले दिसले म्हणजे त्या पदार्थाची अ‍ॅलर्जी आहेच, असे नाही. जंतांमुळेही ते वाढते. पदार्थ खाल्ल्यावर खरोखर काय होते, हे त्याच्याशी जुळवून पाहावे लागते.

ईदच्या मेहंदीचेही तसेच. साध्या मेहंदीचा रंग तांबूस येतो. झटपट काळी रंगणाऱ्या मेहंदीत बऱ्याचदा केसांच्या कलपातले पीपीडी हे रसायन मिसळलेले असते. त्याने हातावर फोड आले, तर पुढे कलपही बाधू शकतो. अशा मुलीची पट्टीचाचणी करून घ्यावी.

उपचारात पहिले काम म्हणजे कारणापासून दूर राहणे. मग मलम, गोळ्या किंवा इन्हेलर डॉक्टर सांगतील तसे. नाकाच्या अ‍ॅलर्जीत आणि काहींच्या दम्यात त्याच पदार्थाचे वाढते डोस तीन ते पाच वर्षे देऊन शरीराला सवय लावता येते. मात्र अंगावर पित्त उठून श्वास अडकू लागला, ओठ-जीभ सुजली किंवा चक्कर आली, तर घरी थांबू नये. १०८ ला फोन करावा. तिथे अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शनच जीव वाचवते.

आता आमच्या शाळेत गवत फुलावर येण्याआधीच काढले जाते. ते मोठी माणसे काढतात, पूर्ण बाह्या आणि हातमोजे घालून. चाचांकडे ग्रंथालयाचे काम दिले आहे. आम्ही त्यांची माफी मागितली, तेव्हा ते नुसते हसले. या ईदला त्यांनी आम्हाला घरी बोलावले. दस्तरख्वानावर भरली वांगी होती, आणि पहिले त्यांनीच वाढून घेतले.