रंग उतरला, पुढे?

पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगांना उपयोगी पडणाऱ्या सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. जिवाणू, यीस्ट, बुरशी यांचे वाण इथे क्रमांक देऊन जपतात आणि मागणीप्रमाणे संशोधकांना, कारखान्यांना पुरवतात. त्यातला २११२ क्रमांकाचा जिवाणू, स्यूडोमोनास डेस्मोलिटिकम, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. संजय गोविंदवार यांच्या गटाने हाताशी धरला आणि त्याच्यापुढे डायरेक्ट ब्लू-६ हा निळा रंग ठेवला.

कोल्हापूरकरांना या विषयात रस का, हे पंचगंगा नदीच्या काठी राहणाऱ्याला विचारायला नको. जवळच्या इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. मागांमागून सुताला खळ देणारं सायझिंग आलं, कापड रंगवणारी प्रोसेस हाउस आली, आणि त्यांचं पाणी उताराने नदीकडे निघालं.

कापडाच्या कृत्रिम रंगांत निम्म्याहून जास्त रंग ‘अझो’ कुळातले. त्यांच्या रेणूत दोन नायट्रोजन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात; दोन्ही बाजूंना बेंझीनसारखी वलयं. प्रकाशाचा ठरावीक भाग शोषून रंग दाखवणारी ही जोडणी ऊन, घाम, साबण कशालाही दाद देत नाही. तशीच ती घडवलेली असते. मग नदीत गेल्यावर तरी ती का विरावी?

जिवाणू मात्र ती तोडतात, तेही हवा नसताना. श्वसनात मोकळे झालेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हवाली करण्याची सोय नसली, की अझोरिडक्टेज नावाची विकरं ते त्या नायट्रोजनच्या बंधावर लादतात. बंध तुटतो, प्रयोगाच्या चंबूतलं पाणी नितळ दिसू लागतं. फोटो काढायचा क्षण हाच, आणि फसगत होते तीही इथेच. तुटलेल्या तुकड्यांतून अॅरोमॅटिक अमाइन तयार होतात. ती बहुधा बिनरंगी असतात आणि त्यातली काही मूळ रंगापेक्षा घातक. डायरेक्ट ब्लू-६ ज्या बेंझिडिनवर बेतलेला आहे, ते मूत्राशयाच्या कर्करोगाला कारण ठरतं. या तुकड्यांचा निकाल लावायला बहुतेकदा पुन्हा हवा खेळवावी लागते, म्हणजे दुसरी टाकी आणि दुसरे जिवाणू.

गोविंदवार गटाचा निबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लिटरला १०० मिलिग्रॅम रंग न ढवळता ठेवलेल्या द्रावणातून ७२ तासांत नाहीसा झाला आणि ऑक्सिजनची रासायनिक मागणी, म्हणजे पाण्यात उरलेल्या सेंद्रिय द्रव्यांचं माप, सुमारे ८९ टक्क्यांनी घटली. मला यातला ८९ टक्क्यांचा आकडा महत्त्वाचा वाटतो. रंग गेल्याचं डोळ्यांनाही कळलं असतं. या गटाची आणखी एक पद्धत मला पटते: प्रक्रिया झालेल्या पाण्यावर गहू, ज्वारी, उडीद रुजवून पाहायचे. बी फसत नाही.

प्रोसेस हाउसचं सांडपाणी मात्र चंबूइतकं सरळ नसतं. ते गरम, अल्कधर्मी, मिठाने भरलेलं. सकाळी लाल, दुपारी काळं. एकट्या जिवाणूचा तिथे निभाव कठीण, म्हणून अनेक वाणांची मिश्रणं वापरून पाहतात. याच विद्यापीठाने पाणकणीस आणि झेंडूसारख्या वनस्पतींचाही उपयोग तपासला. उरतो वेळेचा हिशेब. दिवसाला एक लाख लिटर पाणी सोडणाऱ्या कारखान्याला ७२ तास थांबायचं, तर तीन लाख लिटरची टाकी हवी. वर हवा खेळवायची टाकी वेगळी, आणि या टाक्यांना जागा गावातल्या दाटीत शोधायची.