शेतकरी बाजार आणि दुकान : भावांची तुलना कशी करावी?

शेतात पिकलेला भाजीपाला ग्राहकाच्या स्वयंपाकघरात पोहोचेपर्यंत त्याची किंमत दुपटी-तिपटीने वाढते, ही तक्रार जुनीच आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासनिबंधाने तिला आकड्यांचा आधार दिला. ग्राहकाने टोमॅटोसाठी मोजलेल्या रुपयातील सुमारे ३३ पैसे, कांद्याच्या बाबतीत ३६ पैसे आणि बटाट्याच्या बाबतीत ३७ पैसे शेतकऱ्याच्या पदरात पडतात, असे त्यात दिसून आले. उरलेल्या रकमेत वाहतूक, हमाली, तोलाई, अडत, नासाडी, दुकानाचे भाडे आणि प्रत्येक टप्प्यावरील नफा सामावलेला असतो.

थेट विक्रीचा मार्ग

ही साखळी आखूड करण्यासाठी अनेक राज्यांनी उत्पादक व ग्राहक यांची थेट गाठ घालून देणारे बाजार सुरू केले. आंध्र प्रदेशात २६ जानेवारी १९९९ रोजी ‘रयतु बाजार’ सुरू झाले. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला तामिळनाडूत मदुराई येथे पहिली ‘उळवर संदै’ भरली. दोन्हींचे तत्त्व एकच : भाव घाऊक बाजारापेक्षा अधिक आणि किरकोळ दुकानापेक्षा कमी ठेवावयाचा व तो दररोज फलकावर लावावयाचा. महाराष्ट्रात २०१६ मध्ये बाजार समितीच्या आवाराबाहेरील फळे व भाजीपाला यांचा व्यापार नियमनमुक्त झाला आणि शहरांतील शेतकरी आठवडे बाजारांना चालना मिळाली.

ग्राहकाचा हिशेब

केवळ दोन फलकांवरील आकडे शेजारी ठेवल्याने तुलना होत नाही. उदाहरणादाखल, शेतकरी बाजारात टोमॅटोचा भाव किलोला २४ रुपये आणि दुकानात ३० रुपये आहे, असे समजू. दुकानातील माल निवडलेला असतो; बाजारातील ढीग पुष्कळदा सरसकट असतो. त्या ढिगातील एका किलोत १०० ग्रॅम माल टाकाऊ निघाला, तर खाण्याजोग्या किलोचा भाव २६ रुपये ६७ पैसे पडतो. बाजार तरीही स्वस्तच ठरतो. मात्र बचत ६ रुपयांची नसून ३ रुपये ३३ पैशांची आहे. जाण्यायेण्याचा खर्च त्यातून वजा करावा लागतो. सकाळचा ताजा माल आणि संध्याकाळचा उरलेला माल यांच्या भावांची तुलनाही न्याय्य नव्हे. म्हणून एकच दिवस, एकच वेळ आणि एकच प्रत, हे तुलनेचे पहिले पथ्य होय.

शेतकऱ्याचा हिशेब

शेतकऱ्याच्या बाजूने पाहता चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. हाच टोमॅटो गावातच व्यापाऱ्याला १० रुपये किलोने देता येतो, असे धरू. एका शेतकऱ्याने १०० किलो माल स्वतः शहरात नेला आणि त्यातील ८० किलो विकला गेला, तर १,९२० रुपये हाती येतील. वाहनाचे ६०० रुपये आणि दोन माणसांच्या दिवसाच्या मजुरीचे ८०० रुपये वजा जाता ५२० रुपये, म्हणजे किलोला ५ रुपये २० पैसे उरतात. गावात विकला असता तर १,००० रुपये मिळाले असते!

याउलट, चौघांनी मिळून ४०० किलो माल नेला व ३२० किलो विकला, तर ७,६८० रुपये येतात. मोठ्या वाहनाचे १,२०० रुपये व तीन माणसांच्या मजुरीचे १,२०० रुपये वजा केल्यास ५,२८० रुपये, म्हणजे किलोला १३ रुपये २० पैसे पडतात. चढा भाव मिळाला म्हणजे लाभ झालाच, असे नाही. वाहतुकीचा व मजुरीचा खर्च किती किलोंवर विभागला जातो आणि किती माल विकल्यावाचून परत येतो, यावर तो लाभ अवलंबून असतो. शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्या यांचे महत्त्व येथेच आहे.

पंचायत आणि शाळा यांचे कार्य

आपल्या भागात असा बाजार भरत असल्यास ग्रामपंचायत सदस्यांना पुष्कळ काही करता येईल. बाजार समितीचा त्या दिवसाचा घाऊक भाव आणि बाजारातील भाव एकाच फलकावर लिहावेत. तराजू व वजनांवर वैधमापन यंत्रणेचा शिक्का आहे काय, हे पाहावे. विक्रेता स्वतः उत्पादक किंवा उत्पादक गटाचा सदस्य आहे, याची खात्री करावी. अन्यथा घाऊक बाजारातून माल आणून विकणारा व्यापारी शेतकऱ्याची जागा अडवून बसतो आणि साखळी होती तेवढीच लांब राहते. पाणी, सावली व स्वच्छतेची सोय असल्यास नासाडी घटते.

शिक्षकांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडून पाच-सहा भाज्यांचे भाव दर आठवड्याला नोंदवून घ्यावेत. शेकडेवारी व सरासरी यांचा यापेक्षा जिवंत धडा क्वचितच मिळेल. वर्षभराच्या अशा नोंदी हाती असल्यास कोणत्या महिन्यात कोणता माल गटाने शहरात न्यावा आणि कोणता गावातच विकावा, हे शेतकऱ्यांना अंदाजाने नव्हे, तर आकड्यांच्या आधारे ठरविता येईल.