पांढरा रस्ता आणि कॅमेरा

बुलढाणा जिल्ह्यात बर्फ पडत नाही, हे सांगावयास भूगोलाच्या पुस्तकाची गरज नाही. घाटावरच्या बुलढाण्याला आपल्या थंड हवेचा थोडासा अभिमान आहे खरा. पण तो स्वेटर आणि कानटोपीच्या पलीकडे जात नाही. आणि तरीही अधूनमधून, हिवाळा सरता सरता, आपल्या हातातल्या मोबाइलवर एक छायाचित्र येऊन थडकते. दोन्ही बाजूंना कडुलिंबाची झाडे, मधून पांढराशुभ्र रस्ता, आणि खाली कुणीतरी लिहिलेले असते की, हे काश्मीर नव्हे, आपला विदर्भ आहे! दिवाणखान्यात बसलेली मंडळी ‘वाहवा’ म्हणतात आणि ते चित्र पुढे धाडतात. रस्त्याकडेच्या शेतात उभा असलेला माणूस मात्र काही म्हणण्याच्या मनःस्थितीत नसतो. कारण तो पांढरेपणा बर्फाचा नसतो, गारांचा असतो.

रविवार, ११ फेब्रुवारी २०१८ चा दिवस आमच्याकडे पुष्कळांच्या लक्षात आहे. महाशिवरात्र दोन दिवसांवर आली होती. त्या दिवशी जालना, बुलढाणा, वाशीम आदी जिल्ह्यांच्या काही भागांत गारांचा मारा झाला. त्याआधी २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत तर महाराष्ट्राच्या कितीतरी जिल्ह्यांत गारपीट होत राहिली. हे दिवस रब्बीचे. हरभरा घाट्यांनी भरलेला, गहू ओंबीत आलेला, आंब्याला मोहोर. चार महिन्यांची मेहनत पंधरा-वीस मिनिटांत झोडपून निघते, आणि नेमके त्याच घटकेला रस्ता सुंदर दिसू लागतो!

बर्फ आणि गार, दोन्ही पाण्याचीच लेकरे. पण स्वभाव किती वेगळे! हिमाचे कण थंड ढगात बाष्पापासून फुलतात आणि भुरभुरत खाली येतात. गार मात्र उंच गडगडाटी ढगात जन्मते. वर चढणारा वाऱ्याचा झोत तिला तोलून धरतो, तिच्यावर बर्फाचे थर चढत जातात, आणि वजन पेलेनासे झाले की ती दगडासारखी सुटते. काश्मिरात २१ डिसेंबरपासून ‘चिल्लई कलां’चे चाळीस दिवस कडाक्याचे. त्याआधीच चिनार आणि सफेदा पाने उतरवून मोकळे झालेले असतात. बर्फ त्यांच्या उघड्या फांद्यांवर अलगद बसतो. पुढे तोच वितळून ओढ्यांना आणि झेलमला पाणी पुरवितो. म्हणून बर्फ पडला नाही तर तिथला बागाईतदार काळजीत पडतो. आमचा कडुलिंब बिचारा त्या वेळी पानांनिशी उभा असतो. त्याची पाने, डहाळ्या गारांबरोबरच खाली येतात.

अशा झाडांच्या रांगेचे छायाचित्रकारांना फार जुने वेड आहे. सॅम्युएल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराने १८६४ साली श्रीनगरची सफेद्याची वाट टिपली. तिची वाखाणणी अजून होते. पुढे १८६६ मध्ये तो मणिरंग खिंडीत, सुमारे १८,६०० फुटांवर, कॅमेरा घेऊन चढला. त्या काळी काचेवर रसायन ओतून, ते ओले आहे तोवरच चित्र घ्यावे आणि धुवावे लागे. अंधारी खोली म्हणून तंबू बरोबर, आणि सामान वाहावयास हमालांचा तांडा! आज ते सारे बिऱ्हाड खिशात मावते.

खिशातल्या यंत्राचीही पांढरा रस्ता पाहून फसगत होते बरे का. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे, पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत फेकणारे आहे, असे धरून चालतो. ताजा बर्फ तर ८० ते ९० टक्के उजेड परत फेकतो. मापकाला वाटते, प्रकाश फारच झाला. तो आखडता हात घेतो, आणि पांढरा रस्ता सिमेंटसारखा मळकट उतरतो. उपाय सोपा आहे. बर्फ असेल तर प्रकाश एक ते दोन ‘स्टॉप’ वाढवावा. दर स्टॉपला तो दुप्पट होतो. गारांत माती नि पाला मिसळलेला असतो, म्हणून तिथे बहुधा एक स्टॉप पुरतो. मोबाइलवर बोट टेकले की बहुतेक ठिकाणी उजेड कमी-अधिक करण्याची सोय दिसते; तो थोडा वर सरकवावा.

आता प्रश्न उरतो तो कॅमेरा कोणीकडे वळवावा याचा. रस्त्याच्या मधोमध उभे राहिले की झाडांच्या दोन रांगा दूर जाऊन मिळतात आणि चित्र देखणे होते. पण दोन पावले बाजूला सरून खोडांच्या मधून पाहा. तिथे आडवा झालेला गहू दिसेल. तोही चौकटीत आला की चित्र खरे होते, आणि उपयोगीही. २०१६ साली आलेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेच्या नियमांत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची खबर ७२ तासांच्या आत देण्याची अट होती. गारा तर काही तासांतच विरघळतात. मागे राहतो तो चिखल. अशा वेळी एक चित्र लांबून घ्यावे, विहीर किंवा बांधावरचे झाड दिसेल असे. एक जवळून, मोडलेल्या झाडाचे. आणि एक गारेचे, शेजारी नाणे ठेवून, म्हणजे आकार कळतो. मूळ चित्र जपून ठेवावे, कारण पुढे धाडताना त्यातली वेळेची नि जागेची नोंद पुष्कळदा गळून पडते. एवढे मात्र ध्यानात असावे की गारांबरोबर वीजही असते. गडगडाट थांबेपर्यंत झाडाखाली उभे राहू नये; कोणतेही चित्र जिवापेक्षा मोठे नाही.

पांढऱ्या रस्त्याचे चित्र घेऊ नये, असे कोण म्हणेल? सौंदर्य डोळ्यांना दिसतेच. ते नाकारण्यात शहाणपण नाही. पण पुढच्या हिवाळ्यात तसे चित्र तुमच्या हाती आले, तर ‘वाहवा’ लिहिण्याआधी एवढेच विचारा: गाव कोणते, आणि हरभरा निघाला होता का? पाठविणाऱ्याला उत्तर ठाऊक नसेल, तर तो बहुधा पुढे कुणाला तरी विचारील. अशी विचारपूस होत होत शेताच्या बांधापर्यंत पोहोचली, तर त्या छायाचित्राचे चीज झाले म्हणावयाचे.