आभासी चलनांतील आर्बिट्राज

एकच वस्तू एका बाजारात स्वस्त घेऊन त्याच वेळी दुसऱ्या बाजारात महाग विकणे आणि मधला फरक नफा म्हणून मिळवणे, या व्यवहारास आर्बिट्राज म्हणतात. अशा खरेदीने स्वस्त बाजारातील भाव चढतो, विक्रीने महाग बाजारातील भाव उतरतो व दोन्ही जवळ येतात. उपलब्ध माहिती भावात पूर्णपणे उतरलेली असेल तर तो बाजार कार्यक्षम होय, असे युजीन फामा यांनी १९७० साली मांडले. ही कार्यक्षमता आपोआप येत नाही; माल व पैसा या दोहोंची वाट मोकळी असावी लागते.

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील सौद्यात ठरणारा गुळाचा भाव आणि गुजरातमधील भाव यांतून वाहतूक, हमाली व घट वजा जाता काही उरले, तरच व्यापाऱ्यास माल पाठवणे परवडते. बिटकॉइनला ट्रक लागत नाही; त्यामुळे त्याचा भाव सर्वत्र एकच असेल, असे वाटते. प्रत्यक्षात डिसेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ च्या आरंभापर्यंत दक्षिण कोरियातील भाव अमेरिकेपेक्षा सरासरी १५ टक्क्यांहून अधिक होता. नाणे सहज जात होते. देशाबाहेर पैसा नेण्यावर मात्र निर्बंध होते.

वझीरएक्स प्रकरण

१८ जुलै २०२४ रोजी मुंबईस्थित वझीरएक्स या मंचावरून २३ कोटी डॉलरहून अधिक मूल्याची आभासी चलने चोरीस गेली. मंचाने रुपये व चलने काढून घेणे थांबवले. खरेदी-विक्री मात्र काही दिवस चालू राहिली. त्या काळात तेथील भाव इतर मंचांपेक्षा बरेच घसरले. फरक सर्वांना दिसत होता, तरी तेथे घेतलेले नाणे बाहेर नेऊन विकता येत नव्हते. म्हणजे माहिती पुरेशी होती, वाट बंद होती. तेथील घसरलेला भाव हा बिटकॉइनचा नव्हे, तर अडकलेल्या बिटकॉइनचा भाव होता.

भारतातील कर

२०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर व त्यावर ४ टक्के उपकर, तसेच विक्रीच्या रकमेवर १ टक्का उद्गम करकपात लागू झाली. ५०,००,००० रुपयांस घेतलेले नाणे ५०,७५,००० रुपयांस विकल्यास नफा ७५,००० आणि उपकरासह कर २३,४०० रुपये होतो. कपात मात्र ५०,७५० रुपयांची होते. जादा रक्कम विवरणपत्र भरल्यावर परत मिळू शकते, पण तोवर भांडवल अडकते. एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजाही करता येत नाही. अशा स्थितीत लहान फरक मिटवण्यास कोणी पुढे येत नाही.